तुमचं हँडल सरळ होतं

आई,

गेल्या महिन्यात माझी गाडी चोरीला जाता जाता राहिली. तुला सांगावंसं वाटलं, कारण ज्यांना ज्यांना हे सांगितलं त्या सगळ्यांनी एकच विचारलं, की एवढ्या जुन्या गाडीला कोण कशाला हात लावेल? ह्याचं उत्तर मला बारावीत असल्यापासून माहीत आहे. तुझ्या शेजारी उभी राहून मी ते ऐकलंय. ते ज्याच्या तोंडून आलं त्या माणसाबद्दल आपण दोघी नंतर फार थोडं बोललो. तुला जाऊनही आता इतकी वर्षं झाली की तुझा आवाज सहज आठवत नाही. आधी तुझं एखादं वाक्य आठवावं लागतं, मग त्यातून आवाज येतो. ह्या महिन्यात तुझी बरीच वाक्यं आठवली.

बाबा गेल्यावर त्यांची निळी स्कूटर वर्षभर आपल्या अंबरनाथच्या घराच्या जिन्याखाली धूळ खात उभी होती. मामा म्हणाला, विकून टाक, बाईमाणसाला गिअरची गाडी काय कामाची. तू त्याला चहा दिलास, खारी दिलीस, आणि दुसऱ्या दिवसापासून पहाटे पदर कमरेला खोचून कारखान्याच्या वसाहतीमागच्या मैदानात ती गाडी घेऊन जायला लागलीस. मी मागे धावायचे. तू पडलीस की मी उचलायचे, आणि दोघी मिळून गाडी उचलायचो. उल्हासनगरच्या प्रसूतिगृहात तू नर्स होतीस. तिथली ड्यूटी सुटल्यावर बाळंतिणींच्या घरी जाऊन टाके बघायचे, बाळाला आंघोळ घालायला शिकवायचं, ही कामं तू स्कूटरमुळे घेऊ शकलीस. माझं कॉलेज त्या स्कूटरवर चाललं असं म्हटलं तरी चालेल. पण तेव्हा मला तिची लाज वाटायची. तिचा आवाज गल्लीच्या तोंडापासून ऐकू यायचा आणि सगळ्यांना कळायचं की सिस्टरबाई आल्या.

तिचं हँडललॉक बाबांच्या वेळेपासूनच मोडलेलं होतं. दुरुस्त करायचं म्हणता म्हणता राहून गेलेलं. त्याच्या बदल्यात बाबांनी तुला एक युक्ती सांगून ठेवली होती. गाडी लावली की सीटखालचा पेट्रोलचा कॉक बंद करायचा. मग कुणी ती चालू केलीच, तरी कार्बोरेटरमध्ये उरलेल्या पेट्रोलवर ती जेमतेम पुढच्या वळणापर्यंत जाते आणि मरते. तू गाडीवरून उतरताना हात आपोआप खाली जायचा, दार लोटून घेतल्यासारखा. मी तो कधी नीट पाहिलाही नव्हता. त्या शनिवारपर्यंत.

त्या शनिवारी तू मला ड्रेसचं कापड घ्यायला उल्हासनगरला नेणार होतीस, पण आधी शहाडच्या बाजूला एका चाळीत बाळंतिणीला बघायचं होतं. गल्लीत एक टेम्पो उभा होता, त्याच्या आडोशाला सावली होती म्हणून तू स्कूटर तिथे लावलीस. शेजारी कुणाची तरी नवीकोरी मोटरसायकल होती. आपण आत गेलो, बाळ रडत होतं, बाळंतिणीच्या सासूने बळेबळे सरबत दिलं. बाहेर आलो तर मोटरसायकल होती, टेम्पो होता, आणि मध्ये जमिनीवर तेलाचा ओला डाग होता. मला रडूच फुटलं. तू मात्र त्या डागाकडे बघत म्हणालीस, "कॉक बंद आहे. लांब नसेल गेला." चाळीच्या ओट्यावर एक म्हातारे गृहस्थ बसले होते, त्यांनी न विचारताच रस्त्याकडे बोट केलं. त्यांना वाटलं होतं तुमचाच माणूस असेल.

दुपार उतरत आली आहे. तू पुढे, मी मागे. आपण मोठ्या रस्त्याला लागतो आणि एका चहाच्या टपरीसमोर आपली स्कूटर दिसते. तिच्याभोवती चार-पाच जण आहेत आणि सगळे ती चालू करायच्या खटपटीत आहेत. एकाने ती स्वतःच्या अंगावर आडवी कलती धरली आहे, आत पेट्रोल उतरावं म्हणून. दुसरा किक मारतोय. टपरीवाला स्टोव्हमागून सल्ला देतोय, "प्लग साफ करो, प्लग." आणि त्या सगळ्यांच्या मध्ये एक सुकलेला माणूस, शर्टाची बटणं गळ्यापर्यंत लावलेली, घामाने निथळत, "राहू द्या हो, राहू द्या मी ढकलत नेतो" असं पुन्हा पुन्हा म्हणतोय. चोराची गाडी बंद पडली म्हणून रस्त्यावरची भली माणसं मदतीला धावली होती. आज मला ह्याचं हसू येतं. तेव्हा मी बेंबीच्या देठापासून ओरडले, "चोर. तो चोर आहे. आमची गाडी आहे ती."

माणसं किती पटकन बदलतात ते मी त्या दिवशी पाहिलं. किक मारणाऱ्याने गाडी सोडली आणि त्याच पायाने त्या माणसाच्या पोटरीवर लाथ घातली. दुसऱ्याने त्याची कॉलर धरली. कुणी तरी थोबाडीत मारली आणि त्याच्या ओठातून रक्त आलं. टपरीवरचा एक जण उठून सावकाश कमरेचा पट्टा काढायला लागला. तो माणूस ओरडलादेखील नाही. हात डोक्यावर घेऊन नुसता खाली बसायला लागला, आणि खाली बसलेल्या माणसाला मारणं सोपं असतं.

"अहो, सोडा त्याला," तू म्हणालीस. वॉर्डात बोलायचीस त्या आवाजात. "मीच पाठवलंय. गाडी गॅरेजला न्यायला सांगितली होती त्याला."

"लेकिन ये लडकी तो बोल रही है चोर है," कॉलर धरणारा म्हणाला.

"तिला काय ठाऊक. ती आत्ता आली क्लासवरून."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. तू वाकलीस, सीटखाली हात घालून कॉक उघडलास, पेट्रोल उतरायला जरा वेळ दिलास, किक मारलीस. गाडी फटफटत चालू झाली. "कॉक बंद होता," तू म्हणालीस. "सांगायला मीच विसरले." टपरीवाला हसला, "हम लोग तो इंजिन खोलनेवाले थे, सिस्टर." पट्टा काढणाऱ्याने पट्टा पुन्हा पँटीत ओवला. त्याचा चेहरा थोडा हिरमुसलेला वाटला मला. आणि ज्याने थोबाडीत मारली होती तो त्या माणसाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सॉरी हां, भाऊ. गैरसमज झाला."

"चल," तू त्या माणसाला म्हणालीस, वॉर्डबॉयला म्हणावं तसं. गाडी बंद करून आपण तिघं ती ढकलत निघालो. पुढे एका बंद कंपनीची लांबच लांब भिंत होती, तिथे तू थांबलीस. पिशवीतून कापूस आणि स्पिरिट काढलंस आणि त्याच्या ओठावर लावलंस. तो कळवळला. मी दूर उभी होते. तुझा मला इतका राग आला होता की जवळ यायची इच्छा नव्हती, पण ऐकू सगळं येत होतं.

"काय काम करतोस?"

"करत होतो. कंपनी बंद झाली."

"माझीच गाडी का घेतलीस? शेजारी नवी होती की."

तू कापूस बदललास. दवाखान्यात बाईला आधीचं दुखणं विचारताना तू अशीच थांबायचीस, घाई न करता.

"तिचं हँडल वाकडं होतं," तो शेवटी म्हणाला. "म्हणजे लॉक केलेलं. तुमचं हँडल सरळ होतं. आणि टेम्पोच्या आड होती, कुणाला दिसत नव्हती."

"पण हिला घेणार कोण? माझ्या पोरीएवढी म्हातारी गाडी आहे ही."

"जुन्याच घेतात, बाई. तुकडे करून विकतात. नव्या गाडीवाला शोरूमला जातो. जुन्या गाडीवाल्याला पार्ट मिळत नाहीत, तो हिंडत असतो. मिळाला की घेतो, कुठनं आणला विचारत नाही."

"आणि गाडीवरचा नंबर?"

"तो दोन-तीन ठिकाणीच असतो. घासून काढतात."

"तू ह्याआधी केलंयस हे."

"नाही. सांगणारा दुसरा आहे. मी पहिल्यांदाच. मला नीट चालवतासुद्धा येत नाही." मग तो म्हणाला, "ताई, तुम्ही खोटं का बोललात?"

"जा आता," तू म्हणालीस. तो गेला. आधी चालत, मग वळणाजवळ पळत. आपण कापड न घेताच घरी आलो.

स्वयंपाकघरात तू सुके बोंबील साफ करायला बसलीस. डोकी, शेपट्या मोडायचा कट कट आवाज. मी दारात उभी राहून तुला बोलले, जेवढं सतराव्या वर्षी बोलता येतं तेवढं सगळं. "सगळ्यांसमोर तू मला खोटं पाडलंस. मी खरं बोलत होते." तू मान खाली घालून म्हणालीस, "त्यांनी मारून टाकला असता त्याला." मी म्हटलं, दोन थपडा मारल्या असत्या आणि पोलिसात दिला असता. तेव्हा तू हात थांबवलास. "तू बघितलं नाहीयेस," म्हणालीस. "मी सरकारी दवाखान्यात होते तेव्हा एकाला आणला होता. सायकलसाठी मारलेला. सकाळपर्यंत पण राहिला नाही. नंतर कळलं, सायकल त्याचीच होती."

मी हार मानली नाही. तू पुढे बोललीस, बोंबलांशी बोलत असल्यासारखी, "आपण दर रविवारी विहारात पंचशील म्हणतो. न दिलेलं घ्यायचं नाही, हे दुसरं. खोटं बोलायचं नाही, हे चौथं. त्याने दुसरं मोडलं, मी चौथं मोडलं. आमचं दोघांचं काय ते आम्ही बघू." मला अजून राग होता, म्हणून मी विचारलं, "आणि उद्या त्याने आणखी कुणाची गाडी उचलली तर? ती कुणाच्या नावावर?"

तू पुन्हा बोंबील मोडायला लागलीस. त्या दिवशी बोंबील करपले, आणि तुझ्या हातून काही करपलेलं मी त्याआधी खाल्लं नव्हतं. दुसऱ्या दिवशी विहारात सगळे सुरात म्हणत होते, तुझा आवाज त्यात वरचा आणि ओळखू येणारा, आणि चौथ्या शीलाला तो एकदम खाली गेला. मला वाटलं, तू शब्द चुकलीस. मग पाचव्याला तू पुन्हा सुरात आलीस.

बाहेर आल्यावर चपला घालून तू घरी निघाली नाहीस. विहारासमोर लावलेल्या गाड्यांमधून फिरायला लागलीस. बँकेतल्या काकांना म्हणालीस, "भाऊ, हँडल सरळ ठेवलंय तुम्ही. दुरून दिसतं." ते हसले. दुसऱ्या एका बाईंना म्हणालीस की डिकीत गाडीचे कागद ठेवू नका, चोराला तुम्ही स्वतःच मालक करून टाकता. तिथून सुरू झालं. आपलं हँडललॉक तू त्याच आठवड्यात दुरुस्त करून घेतलंस. उल्हासनगरच्या बाजारातून जाड साखळी आणलीस, ती चाकातून आणि विजेच्या खांबातून घालायचीस. सावली सोडून तू उन्हात गाडी लावायला लागलीस, जिथे पानवाल्याची नजर असेल तिथे. घरी बसून खिळ्याने गाडीचा नंबर कोरलास, सीटखाली, डिकीच्या आत, पत्र्याच्या मागे, जिथे हात पोचेल तिथे. "आता घासत बसा म्हणावं," म्हणालीस. प्रसूतिगृहातल्या सगळ्या नर्सना, आयांना, अगदी बाळ बघायला आलेल्या मामा-काकांनाही तू कॉक दाखवायचीस. डॉक्टरांनी एकदा हसत विचारलं, "सिस्टर, तुम्ही बाळंतपणं करता की चोर पकडता?" तू म्हणालीस, "चोर पकडायला लागू नये म्हणून करते." माझ्याशिवाय तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं की तू हे का करत होतीस. ज्याला तू सोडलं होतंस तो गावात कुठे तरी होता. त्याला आवरणं तुझ्या हातात नव्हतं, पण लोकांच्या गाड्यांची हँडलं वळवणं होतं.

ह्यात गमतीही झाल्या. तू स्पार्क प्लगची टोपी काढून पिशवीत ठेवायची सवय लावून घेतलीस, तिच्यावाचून गाडी मुळीच चालू होत नाही म्हणून. एक दिवस ती टोपी माझ्या कॉलेजच्या बॅगेत गेली. मी प्रॅक्टिकलला, आणि इकडे तुला अडलेल्या बाईसाठी बोलावणं आलेलं. तू रिक्षा मिळेपर्यंत अर्धा रस्ता पळत गेलीस. बाळ सुखरूप झालं. संध्याकाळी मी बॅगेतून टोपी काढून दिली तर रागावशील म्हणून भीत होते, पण तू पाय गरम पाण्यात सोडून बसली होतीस आणि म्हणालीस, "चला, म्हणजे उपाय पक्का आहे. मालकालाही नेता येत नाही."

तुझ्यानंतर स्कूटर मी प्रसूतिगृहातल्या मावशींच्या मुलाला दिली. तो ती भाजीसाठी वापरायचा. आता ती कुठे असेल माहीत नाही.

आम्ही आता चिखलोलीला राहतो, अंबरनाथ आणि बदलापूरच्या मधे. तू पाहिलं होतंस तेव्हा तिथे नुसती शेतं आणि गवत होतं. आता उंच इमारती आहेत आणि त्यांच्यामधले रस्ते अजून व्हायचे आहेत. खांब लागलेत, दिवे लागायचे आहेत. ह्यांचे गुडघे गेले तेव्हा मी चारचाकी शिकले. हो, पन्नाशीनंतर. मैदानात आपटले तर उचलायला मागे धावणारं कुणी नव्हतं, शिकवणारा मुलगा शेजारी बसून जांभया द्यायचा. जुनी गाडी घेतली, लहानशी, राखाडी. नव्या गाड्यांच्या चावीतच आता काहीतरी असतं, ती ओळखीची नसेल तर इंजिन चालूच होत नाही. आमच्या गाडीत तसलं काही नाही. मग आमच्या आणि शेजारच्या बिल्डिंगमधून दोन मोटरसायकली गेल्या, एक जुनी व्हॅन गेली. सोसायटीची मीटिंग झाली. कॅमेरे लावायचे की दुसरा वॉचमन ठेवायचा ह्यावर लोक इतके भांडले की दोन्ही राहिलं. मी म्हटलं, तोपर्यंत जुन्या गाडीवाल्यांनी तरी काहीतरी करू या. सेक्रेटरी तरुण आहे, चांगला आहे. तो म्हणाला, "काकू, तुम्ही निवांत राहा. तुमची गाडी कोण नेणार?"

मी दुसऱ्या दिवशी उल्हासनगरला गेले. गाड्यांच्या सामानाच्या दुकानात एक वयस्क सिंधी गृहस्थ गल्ल्यावर होते. मी स्टिअरिंगला अडकवायचा लोखंडी दांडा मागितला. त्यांनी पिवळाधमक दांडा काढून दिला. मी विचारलं, ह्याने चोर थांबतो का? ते म्हणाले, "दीदी, ये चोर को रोकता नहीं, उसका टाइम खाता है. और चोर के पास टाइम ही तो नहीं होता. पीला इसलिए है कि काच के बाहर से दिखे. देखेगा, तो दूसरी गाडी पे जाएगा." मला एकदम तू आठवलीस. दुसऱ्या गाडीवर जाईल, म्हणजे कुणाच्या? मी दांडा घेतला, आणि शेजारच्या ताईंसाठी आणखी एक घेतला, त्यांची गाडी माझ्याहून जुनी. आमच्या इलेक्ट्रिशियनने पेट्रोलपंपाच्या वायरीत एक छोटं बटण टाकून दिलं, सीटजवळ, मलाच ठाऊक असेल अशा जागी. बाबांच्या कॉकसारखंच. पहिल्याच आठवड्यात मी ते बटण विसरून गाडी चालू करत बसले, मेकॅनिकला फोन केला, आणि तो बदलापूरहून येऊन उभा राहिल्यावर मला आठवलं. हे इतके हसले की त्यांना खुर्चीत बसावं लागलं.

गेल्या महिन्यात एका सकाळी ऑफिसला निघाले तर ड्रायव्हरच्या दाराचं कुलूप पिळून काढलेलं. आत स्टिअरिंगखालच्या वायरी आतड्यांसारख्या बाहेर लोंबत होत्या. दांड्यावर करवतीच्या खुणा होत्या, अर्ध्यावर सोडलेल्या. त्याने वायरी जोडल्या असतील, स्टार्टर फिरलाही असेल, पण बटण बंद होतं. गाडी जागची हलली नव्हती. माझी छत्री आणि ह्यांची गुडघ्याची पट्टी नेली होती. लोक म्हणाले, वाचलात. मी सीटवर बसले आणि रडले, आई. गाडी वाचली होती, तरी कुणीतरी माझ्या जागेवर बसून माझी गाडी आतून उसवली होती. सीट मागे सरकवलेली होती, म्हणजे माणूस उंच होता. मला त्याचा राग आला. तो राग आठवडाभर उतरला नाही. भाजी चिरताना यायचा, लिफ्टमध्ये यायचा.

त्या रागाच्या भरातच मी तुझं काम सुरू केलं. रविवारी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून बसले आणि येईल त्याला सांगितलं. गाडीचं तोंड भिंतीकडे करून लावा, चाकं वळवून ठेवा. काचांच्या कोपऱ्यात नंबर कोरून घ्या. गावाला जाणार असाल तर बॅटरीची वायर काढून ठेवा. आधी लोक ऐकून घ्यायचे, मग खरंच यायला लागले. सेक्रेटरीने स्वतःच्या वडिलांची जुनी गाडी आणून दाखवली. "काकू, हिचं काय करू सांगा," म्हणाला.

आणि मग एका रविवारी दुपारी, सगळे जेवून पडलेले असताना, खालून आरडाओरडा ऐकू आला. हे बाल्कनीतून बघून म्हणाले, "अगं, पकडलाय एकाला." ताईंच्या गाडीचं दार उघडताना सापडला होता. मी खाली पोचले तेव्हा माणसं गोल करून उभी होती आणि तो मध्ये बसलेला होता. पंचविशीचा असेल. उंच होता. नाकातून रक्त येत होतं, शर्टाची बाही फाटून लोंबत होती. एकाच्या हातात वॉचमनची काठी होती. बाकीचे मोबाइल धरून चित्रण करत होते.

"आता काठी नाही उचलायची," मी म्हटलं. माझा आवाज तुझ्यासारखा निघाला नाही, चिरका निघाला.

"काकू, ह्यानेच तुमची गाडी फोडली असणार."

"असेल. म्हणूनच मला बोलायचा हक्क आहे. पोलिसांना फोन केलाय का कुणी?"

कुणीच केला नव्हता. मी केला. मग त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले, इतकी जवळ की मला लागल्याशिवाय त्याला मारता येऊ नये. ताईंनी वरून पाणी आणलं. त्याने चूळ भरली, थोडं प्यायला, आणि माझ्याकडे बघून हळूच म्हणाला, "आंटी, वो आपकी गाडी मैंने नहीं की. कसम से." पोलीस आले. मी जे पाहिलं ते सांगितलं, माझ्या गाडीचंही सांगितलं आणि तक्रारीवर सही केली. तुझ्यासारखं खोटं मी बोलले नाही. तू त्याला सोडलंस, मी ह्याला दिलं. ह्यातलं कोणतं बरोबर ते मला ठरवता येत नाही. तुझ्या त्या माणसाचं पुढे काय झालं ते तुला कधी कळलं नाही, आणि ह्याचं काय होईल ते मलाही कळणार नाही. पण ह्याच्या डोक्यात काठी बसली नाही, एवढं मात्र झालं. रात्री हे म्हणाले, "तुझ्या आईची लेक शोभलीस." तेव्हा मला तुझ्याशी बोलावंसं वाटलं, म्हणून हे लिहायला बसले. हे पत्र कुठे टाकायचं नाही, हे लिहितानाच ठाऊक होतं. त्यामुळे एक गोष्ट लिहिता येते, जी मी ह्यांनाही सांगितलेली नाही.

सोसायटीत सगळे म्हणतात, काकू धावत आल्या. मी धावत गेले नव्हते, आई. आमच्या पाचव्या मजल्यावर लिफ्ट दार उघडून उभी होती, आणि मी जिन्याने उतरले. कठड्याला धरून, एकेक पायरी. माझ्या गाडीसाठी त्याला थोडा मार बसू दे, असं मला वाटत होतं.